वाचकांचे प्रश्न : ऊस, वाफ आणि वीज

प्रश्न : आमच्या कारखान्याचे गाळप दिवसाला 5000 टन. बॉयलर 32 किलो दाबाचे, मिलला अजून वाफेच्या टर्बाइन. 87 किलोचा बॉयलर घेऊन सहवीज प्रकल्प करण्याचा प्रस्ताव आला आहे, त्यात 26 मेगावॅट लिहिले आहेत. खरोखर विकायला किती उरेल?
– संचालक, सहकारी साखर कारखाना, सोलापूर जिल्हा

उत्तर : प्रस्तावातले 26 हे जनरेटरच्या टोकाचे असतात, विक्रीच्या मीटरवरचे नव्हेत. हिशेब असा. तासाला 208 टन ऊस, त्याचे 28 टक्के म्हणजे 58 टन बगॅस (रस काढून उरलेला उसाचा चोथा). त्यातले दोनेक टन बगॅसिलो (बगॅसचा बारीक भुसा) म्हणून फिल्टरला जाते. उरलेल्या 56 टनांवर, किलोला 2.3 किलो या दराने, 129 टन वाफ होते. बॉयलरच्या पाण्यातली हवा काढणारा डीएरेटर आणि ते पाणी तापवणारा फीडवॉटर हीटर यांना त्यातली सुमारे 10 टन लागते.

87 किलो, 515 अंशांची वाफ टर्बाइनमधून अडीच किलोवर काढून प्रोसेसला (रसापासून साखर करण्याच्या विभागाला) दिली, तर एका युनिटला साधारण 5.3 किलो वाफ लागते. तुमच्या आजच्या 32 किलोच्या वाफेवर हाच आकडा 9-10 च्या घरात असतो. वाफ थेट कंडेन्सरपर्यंत (वाफेचे पाणी करणाऱ्या यंत्रापर्यंत) उतरवली तर 3.6 किलोत एक युनिट निघते.

प्रोसेसला उसाच्या वजनाच्या 50 टक्के वाफ लागत असेल तर एकूण निर्मिती 24 मेगावॅटच्या आत-बाहेर होते. 40 टक्क्यांवर आणली तरच 26 गाठता येतात. कारखान्याला टनाला 30-32 युनिट, म्हणजे साडेसहा मेगावॅट आणि प्रकल्पाचे पंप-पंखे यांना दोन मेगावॅट वजा करा. विकायला पहिल्या स्थितीत 15, दुसऱ्या स्थितीत 17. हंगामानंतर चालवण्यासाठी बगॅस साठवायचे ठरवले, तर हंगामातला आकडा तेवढा खाली येईल.

15 वरून 17 वर नेणाऱ्या या दोन मेगावॅटसाठी बॉयलरला हात लावावा लागत नाही. आधी रस आटवणारा इव्हॅपोरेटर चारचा पाच बॉडींचा (भांड्यांचा) करा. रसाचे हीटर एक्झॉस्टवरून (टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवरून) काढून दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीच्या व्हेपरवर (उकळत्या रसातून उठणाऱ्या वाफेवर) घ्या, साखरेचे दाणे पाडणारे पॅन पहिल्या-दुसऱ्या बॉडीच्या व्हेपरवर चालवा. एक्झॉस्ट फक्त पहिल्या बॉडीला. इंबिबिशनचे (मिलमध्ये चोथ्यावर मारायचे) पाणी वाढवले की साखर थोडी जास्त निघते, पण ते सगळे पाणी पुढे उकळून घालवावे लागते, हे मिल विभाग आणि बॉयलर विभागाने एकत्र बसून ठरवायला हवे. एरवी दोघे आपापला आकडा चांगला ठेवतात आणि वाफ मधल्या मध्ये जाते. मिलच्या टर्बाइन काढून व्हीएफडी (वेग कमी-जास्त करता येणाऱ्या) मोटरी बसवण्याला पर्याय नाही.

बगॅसचा ओलावा 50 टक्के धरला आहे. 52 झाला की वाफ साधारण पाच टक्के घटते आणि वरची सगळी बेरीज कोसळते. शेवटच्या मिलच्या रोलरची झीज हंगामाआधी मोजून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे 67 किलोचा बॉयलर आहे. मिल बंद पडून पुन्हा सुरू झाली की तासाभरात बॉयलरच्या पाण्याचा पीएच 9.8 वरून 8.5 च्या खाली येतो. कंडेन्सेटच्या (वाफ थंड होऊन बॉयलरकडे परतणाऱ्या पाण्याच्या) लाइनवर कंडक्टिव्हिटी मीटर आहे, तो काहीच दाखवत नाही.
– केमिस्ट, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : कंडेन्सेटमध्ये साखर येते आहे. बॉयलरच्या तापमानाला ती फुटते, सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि पीएच घसरतो. मीटर गप्प राहतो कारण साखर वीज वाहून नेत नाही. कच्च्या रसात क्षार असतात, तो भरपूर आला तरच काटा हलतो. बेताची गळती त्याला कळत नाही.

‘बंद पडून सुरू झाल्यावर’ यातच कारण आहे. इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीचा कॅलेंड्रिया (रसाच्या नळ्यांचा संच) चालू असताना नळ्यांबाहेर एक्झॉस्टचा दाब रसापेक्षा जास्त असतो. नळीला बारीक भोक असले तर वाफ रसात जाते, नुकसान दिसत नाही. वाफ बंद झाली की कॅलेंड्रियातला दाब पडतो आणि रस उलटा बाहेर येतो. पुन्हा वाफ सोडली की हाच रस कंडेन्सेटबरोबर फीड टँकमध्ये पोचतो.

तपासणी अल्फा नॅफ्थॉलचीच करा. स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत 2 मिलि कंडेन्सेट, त्यात अल्फा नॅफ्थॉलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाचे चार-पाच थेंब. मग नळी तिरपी धरून कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल हळू सोडा. दोन थर जिथे भेटतात तिथे जांभळे कडे उमटले की साखर आहे. नळीत फिल्टर पेपरचा तंतू किंवा कापसाचा धागा राहिला तरी कडे येते, म्हणून एकदा साध्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर करून पाहा. चष्मा आणि हातमोजे घालूनच.

कडे दिसले तर आधी कंडेन्सेट बॉयलरकडून तोडून प्रोसेसकडे वळवा आणि राखीव डीएम पाण्यावर या. ब्लोडाउन (बॉयलरमधले पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा, लोड उतरवा, ट्रायसोडियम फॉस्फेटचा डोस वाढवा. पीएच 8 च्या खाली गेला तर बॉयलर बंद करा. त्या वेळी शिफ्टचे युनिट मोजत बसू नये, बॉयलरच्या वॉटरवॉल नळ्या त्याहून महाग आहेत. पुढच्या साफसफाईत पहिल्या बॉडीची पाण्याच्या दाबावर चाचणी घेऊन फुटकी नळी शोधा. तोवर प्रत्येक थांब्यानंतर पहिली 20 मिनिटे कंडेन्सेट बॉयलरला द्यायचेच नाही. दुसऱ्या बॉडीचे कंडेन्सेट तर कधीच नको, ते रसाच्या व्हेपरचे असते.

प्रश्न : सौर वीज इतकी स्वस्त झाली असताना बगॅसच्या विजेचा राज्याला उपयोग काय?
– वाचक, नाशिक

उत्तर : महाराष्ट्रात बगॅसवरची क्षमता अडीच हजार मेगावॅटच्या वर आहे. दुपारच्या सौर विजेशी तिने दरात झगडणे व्यर्थ आहे. तिचे मोल सूर्य मावळल्यावर आहे. प्रोसेसला जाणारी वाफ रस उकळायला चोवीस तास लागते, तिच्यातून निघणारी वीज हलवता येत नाही. कंडेन्सरकडे जाणारा भाग मात्र हलवता येतो. दुपारी तो कमी करून बगॅस यार्डात राखावे आणि संध्याकाळी सहा ते दहा वाढवावा. टर्बाइन यासाठी एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंगच (थोडी वाफ मध्येच काढून उरलेली कंडेन्सरला देणारी) हवी, सगळी वाफ प्रोसेसला सोडणाऱ्या बॅकप्रेशरवर हे जमत नाही. संध्याकाळच्या युनिटला वेगळा दर मिळाल्याखेरीज कोणताही कारखाना ही कटकट करणार नाही, आणि त्यात त्याचे चूक नाही.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, मागणीचा ताण एप्रिल-मेमध्ये. ही अडचण साठवलेल्या बगॅसने काही आठवडेच भागते.

प्रश्न : मॉरिशसमध्ये असे वीज प्रकल्प वर्षभर चालतात म्हणतात, ते कसे?
– वाचक, पुणे

उत्तर : कोळशावर. सेंट अँटोइन कारखान्याने 1957 मध्ये तिथे प्रथम जादा वीज ग्रिडला दिली. 2000 मध्ये बेल व्ह्यू इथे 82 बारचे, 35 मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. गाळपात बगॅस, एरवी आयात कोळसा. ऊसक्षेत्र आटत गेले तसा बगॅसचा वाटा घटला.

प्रश्न : बगॅसच्या ढिगातून धूर निघतो. पाणी मारावे का?
– यार्ड पर्यवेक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : वरून मारलेले पाणी आत पोचत नाही. उरलेल्या साखरेचे आंबणे ढीग आतून तापवते. लोखंडी सळई दोन मीटर खुपसून दहा मिनिटांनी काढा; हाताला सोसत नसेल तर तेवढा भाग लोडरने फोडून पसरा, भिजवा आणि बॉयलरमध्ये आधी जाळा. फोडताना हवा लागून भडका उडतो, म्हणून होज आधीच भरून ठेवा. ढिगांमध्ये लोडर जाईल एवढी वाट सोडा, जुने बगॅस आधी वापरा, डोझरने दाबून ठेवा. जुन्या, ओलसर बगॅसच्या धुळीने फुप्फुसाचा बगॅसोसिस होतो. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क द्या.