पहिला गिअर गेला कुठे?

प्रश्न : १९८० च्या दशकातली चार गिअरची ऑटोमॅटिक मर्सिडीज घेतली आहे. हळूच निघालं की गिअर बदलल्याचं दोनदाच जाणवतं. पहिला गिअर गेला का?

बहुधा नाही. त्या काळच्या बऱ्याच मर्सिडीज मुद्दामच दुसऱ्यावर उठतात. थांबल्यावर गाडी पुढे कमी रेटते, निघतानाही धक्का बसत नाही. जोराची उणीव टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, भरून काढतो. निघताना तो इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट करून देतो. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर, उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबा. गाडी उसळून निघाली आणि गिअर तीनदा बदलले, तर पहिला शाबूत आहे. मेकॅनिकला गिअरबॉक्स उघडायला सांगण्याआधी एवढं कराच.

प्रश्न : कॉम्प्युटर नसताना गिअरबॉक्सला कळतं कसं?

कळत काहीच नाही, तेलाची रस्सीखेच चालते. गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टबरोबर गव्हर्नर, म्हणजे वेगाप्रमाणे तेलाचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, फिरतो. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. हा दाब गिअर बदलणाऱ्या शिफ्ट व्हॉल्व्हला वरच्या गिअरकडे ढकलतो. समोरून स्प्रिंग आणि ॲक्सिलरेटरप्रमाणे बदलणारा दाब त्याला मागे रेटतात. उभ्या गाडीत गव्हर्नर गप्प, म्हणून स्प्रिंग जिंकते आणि गाडी सगळ्यात खालच्या गिअरवर राहते. दुसऱ्यावर उठणाऱ्या गिअरबॉक्समध्ये तेलाची वाटच अशी आखलेली असते, की जोरात दाबल्याशिवाय पहिला लागत नाही. गव्हर्नर मात्र कचऱ्याने अडकला तर गंमत होते : उघडा अडकला तर गाडी वरच्या गिअरवर रडत उठते, बंद अडकला तर खालचा गिअर सोडतच नाही.

१९५० ची शेवरलेची पॉवरग्लाइड ही ऑटोमॅटिक तर याहून साधी होती. दोनच गिअर, आणि ‘ड्राइव्ह’ला टाकली की थेट वरच्यावरच निघायची, सगळी भिस्त कन्व्हर्टरवर. लोक वैतागून हाताने ‘लो’ला, म्हणजे खालच्या गिअरला, टाकून निघायचे. १९५३ पासून ती स्वतःच ‘लो’वर उठू लागली.

प्रश्न : बर्फात निघताना दांडा ‘२’ वर ठेवला तर चाकं कमी घसरतील?

गाडी कुठली त्यावर आहे. १९६७ नंतरच्या फोर्डच्या सिलेक्टशिफ्ट ऑटोमॅटिकमध्ये ‘२’ म्हणजे सरळ दुसराच, त्यामुळे उपयोग होतो. जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये मात्र ‘२’ वरही गाडी पहिल्यावरच उठते, फक्त दुसऱ्याच्या वर जात नाही. तिथे ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवणं एवढंच हातात उरतं.