आधी टीव्हीची सेटिंग, मग ‘महान शंभर’

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका फ्लॅटवर पाच-सहा मित्र दर रविवारी सिनेमा बघतात. हिंदी, मराठी, साऊथ भरपूर झालं. आता कल्ट (मोजक्या चाहत्यांनी जिवापाड जपलेले), क्लासिक, आर्टहाऊस (कलात्मक) सिनेमे सुरू करायचेत. म्हणून ‘जगातले महान शंभर’ छापाची एक यादी काढली आणि रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९) लावला. चाळिसाव्या मिनिटापर्यंत तिघे घोरायला लागले. आता विचारणा अशी की आपल्यालाच अक्कल नाही, की हे सिनेमे लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेत?

भाऊ, दोन्ही नाही. तुम्ही जाता जाता तीन गोष्टी लिहून गेलात: टीव्ही ४३ इंची आहे, बाजूच्या काळ्या पट्ट्या नको म्हणून झूम केलं, आणि हॉलमध्ये कूलर फुल्लवर होता. घोरण्याचं अर्धं कारण तिथेच आहे. उरलेलं अर्धं त्या यादीत.

आधी पट्ट्या. १९५०च्या आधीचे जवळजवळ सगळे बोलपट आणि नंतरचेही बरेच (‘स्टॉकर’ त्यातलाच) १.३७:१ या चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत घेतलेले आहेत. तुमचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८:१. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि साडेत्रेपन्न सेंमी उंच असतो. त्यावर हे चित्र ७३ सेंमी रुंदीचं बसतं आणि दोन्ही बाजूंना ११-११ सेंमी काळं राहतं. तो बिघाड नाही, ते तसंच असायला पाहिजे. झूम केलं की वरून-खालून मिळून २३ टक्के चित्र उडतं: वर कपाळं, खाली हात. ‘स्ट्रेच’ केलं तर माणसं ३० टक्के जाड होतात. सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद चौकटीच्या सिनेमात, उलटा प्रकार. तिथे पट्ट्या वर-खाली येतात आणि झूमने बाजूचं जवळपास पाव चित्र जातं. वेस्टर्नमधल्या (काउबॉयच्या सिनेमातल्या) द्वंद्वात दोघं दोन टोकांना उभे असतील तर दोघंही अर्धे. रिमोटवर पिक्चर साइज ‘ओरिजिनल’ किंवा ‘१६:९’ ठेवायचा आणि परत हात लावायचा नाही.

त्याच मेनूत मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं: मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घालतो आणि मग जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, बहुतेक कटकट एका झटक्यात मिटते. नसेल तर ‘सिनेमा’ मोड लावून मोशनची सेटिंग वेगळी तपासा.

आता प्रत. सर्वात सोपी तपासणी म्हणजे लांबी. ‘सेव्हन समुराई’ (१९५४) २०७ मिनिटांचा आहे. हातात १९९ मिनिटांची प्रत असेल तर ती ‘पाल’ या जुन्या टीव्ही-पद्धतीची, म्हणजे २४ऐवजी २५ फ्रेमने, चार टक्के वेगात पळणारी. आवाजही थोडा चढा लागतो. त्याहून बरीच आखूड असेल तर कापलेली आवृत्ती समजा. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) दीड तासाचा मिळाला तर घेऊ नका. २००८मध्ये ब्युनोस आयर्सला जवळपास पूर्ण प्रत सापडली, त्यावरून २०१०मध्ये सुमारे अडीच तासांची आवृत्ती उभी राहिली, तीच बघायची. ‘ब्लेड रनर’चं सांगायचं तर १९८२च्या आवृत्तीत नायकाचं निवेदन डोकं खातं, २००७चा ‘फायनल कट’ लावा.

सबटायटल मागेपुढे होत असतील तर व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या प्लेयरमध्ये कीबोर्डवर ‘जी’ आणि ‘एच’: ‘एच’ने ओळ उशिरा येते, ‘जी’ने लवकर, दर दाबाला ५० मिलिसेकंद. पण सुरुवातीला जुळलेली सबटायटलं पुढे पुढे जास्तच घसरत गेली तर हा उपाय व्यर्थ. ती २४ फ्रेमच्या प्रतीसाठी बनलेली आहेत आणि तुमची प्रत २५ची आहे. तासाभरात फरक जवळपास अडीच मिनिटांवर जातो. दुसरी फाइल शोधा. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर प्लेयरच्या सबटायटल सेटिंगमध्ये एन्कोडिंग (अक्षरांची सांकेतिक पद्धत) यूटीएफ-८ करा आणि देवनागरीचा फॉन्ट निवडा.

डिस्क विकत घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचल्याशिवाय पैसे घालू नका. ब्लू-रेसाठी जगाचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे विभाग केलेत आणि भारत ‘सी’त येतो. क्लासिक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या अमेरिकी ब्लू-रे बहुतेक ‘ए’ला कुलूपबंद असतात, ब्रिटिश बऱ्याचशा ‘बी’ला. इथल्या दुकानातल्या साध्या प्लेयरवर त्या चालणारच नाहीत. फोर-के डिस्कला विभागाची भानगड नाही. घरबसल्या बघायचं तर मुबी हे ओटीटी भारतात आहे, क्रायटेरियनचं चॅनल नाही. मोसफिल्म या रशियन स्टुडिओच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर कितीतरी सोव्हिएत सिनेमे फुकट आणि सबटायटलसकट मिळतात.

फुकटात एक खड्डा मात्र आहे. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपाटीवर कॉपीराइटची ओळ घालायचीच राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात तेवढ्यावरून हक्क गेले. म्हणून आज त्याच्या डझनावारी प्रती फिरतात आणि बहुतेक धुरकट आहेत. २०१६चं फोर-के जीर्णोद्धारित रूप बघा. काळ्या-पांढऱ्यातला अंधार तिथे खरोखर अंधार आहे, राखाडी चिखल नाही.

कूलरचं गणित नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, पण सिनेमाच्या बाजूने एकदा बघा. कूलर चालायचा तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. खिडकी उघडी म्हणजे उजेड आत, आणि गडद सिनेमाचा सत्यानाश. म्हणून मे-जूनमध्ये खेळ साडेसातच्या आत नको. तासभर आधी फुल्लवर चालवून खोली गार करा, सिनेमा सुरू झाला की सगळ्यात कमी स्पीडवर आणा. आवाज वाढवून फायदा नाही; कुजबूज ऐकू येईपर्यंत वाढवला की सिनेमात पुढे नुसता दरवाजा आपटला तरी शेजारी येतो. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. कॉम्प्युटरचे साधे दोन स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवले तरी मोठा फरक पडतो. प्रोजेक्टर आणलाच तर कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलावा लेन्सवर बसतो.

आता यादी. ‘महान शंभर’ ही बऱ्याच जणांच्या मतांची बेरीज असते, शिकण्याचा क्रम नसतो. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२च्या समीक्षक-मतदानात पहिला आलेला ‘जान डीलमन’ (१९७५) २०१ मिनिटांचा आहे आणि त्यात एक बाई तीन दिवस घरकाम करते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून बटाटे जास्त शिजतात आणि ते पातेलं घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, कुठे ठेवावं ते तिला सुचत नाही. पहिल्या दिवसाची शिस्त डोळ्यांत बसलेली असेल तर हा प्रसंग थरारपटासारखा लागतो. पहिल्याच रविवारी लावला तर ‘बटाटे जळले, बरं मग?’

म्हणून धागा पकडायचा. सगळ्यांना पाठ असलेला एक सिनेमा घ्यायचा आणि तीन पावलं मागे चालायचं. ‘शोले’ (१९७५) घ्या. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड बघितलंत की इटालियन दिग्दर्शक लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधलं (१९६८) शेतघरावरचं हत्याकांड बघा: शांतता कशी ताणली आहे, किडे कधी गप्प होतात. तिथून लिओनेचाच ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४), आणि तो ज्यावरून उचलला तो कुरोसावाचा ‘योजिम्बो’ (१९६१). उचलेगिरी इतकी उघड होती की भरपाई द्यावी लागली. ‘योजिम्बो’ ११० मिनिटांचा आहे, विनोदी आहे, कोणी झोपत नाही. तो पचला की ‘सेव्हन समुराई’ला हात घाला, मध्यंतर घेऊन.

भयपटाचा धागा ‘तुंबाड’पासून (२०१८) धरा. दिग्दर्शक राही बर्वे यांना त्याचं बीज नारायण धारपांच्या एका कथेत मिळालं, आणि ती कथा त्यांना मित्राने आपल्या नागझिऱ्यात ऐकवली होती. पहिल्या प्रदर्शनात बेताचा चाललेला हा सिनेमा २०२४मध्ये परत लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. कल्ट म्हणजे नेमकं काय, ते याहून सोपं सांगता येणार नाही. त्याच्या मागे ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा मूकपट. असे सिनेमे मात्र प्रत पारखूनच घ्या: त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे, वेग बहुधा २४हून कमी असायचा, वाईट प्रतीत माणसं कोंबड्यासारखी तुरुतुरु पळतात. मूकपटांची धास्तीच असेल तर आधी बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४). पाऊण तासात संपतो.

आर्टहाऊससाठी परदेशात जायची घाई नको. ‘कोर्ट’ (२०१४) लावा. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. कॅमेरा हलत नाही, क्लोज-अप जवळपास नाहीत. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा काळा. सगळे उठायला लागतात. बसा! सिनेमा संपलेला नाही, खरा शेवट त्याच्यापुढे आहे आणि तो कोर्टाबाहेर आहे. ही बैठक जमली की जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) जड जात नाही. ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला असतो. तुम्हीही सोफा सोडून सतरंजीवर बसा.

विनोदात ‘जाने भी दो यारों’ (१९८३) झाल्याशिवाय ‘ओम-दर-ब-दर’ला (१९८८) हात लावू नका. एवढंच.

पहिले सहा रविवार दोन तासांच्या आतलेच सिनेमे घ्या. अर्धा तास झाला आणि निम्म्याहून जास्त जण मोबाईलमध्ये गेले तर सरळ थांबवा, पुढच्या हिवाळ्यात परत लावा. रेटून बघितलेला सिनेमा कायमचा नावडता होतो. सावजी खाऊन तीन तासांचा सिनेमा लावायचा नाही, हेही लिहून ठेवा. आणि मंडळी वाढली म्हणून हॉल घेऊन तिकीट लावाल, तर घरची ओटीटी वर्गणी तिथे चालत नाही. हक्कधारकाची परवानगी लागते.

‘स्टॉकर’ सोडू नका. सिनेमातले तिघं रुळांवरच्या छोट्या ट्रॉलीतून ‘झोन’ नावाच्या बंदी असलेल्या भागाकडे जातात, तो प्रवास आठवा. चेहरे, मागे सरकणारी धूसर जमीन आणि चाकांचा खडखड आवाज. काही मिनिटांत तो खडखडाट हळूहळू बदलत जातो. त्यात संगीतकार आर्तेमिएव्हचं इलेक्ट्रॉनिक संगीत मिसळत जातं, आणि चाकं कुठे संपली नि संगीत कुठे सुरू झालं ते कळत नाही. मग एका कटमध्ये तपकिरी रंग जाऊन हिरवं रान येतं. तुमच्याकडे कूलरने तो आवाज गिळला, झूमने चेहरे कापले, आणि रंग आला तेव्हा तुमच्यातले तिघं झोपलेले. डिसेंबरात लावा, कूलर माळ्यावर गेल्यावर.