एनएफएलच्या जुन्या काळातला सगळ्यात दुर्लक्षित क्वार्टरबॅक कोण?

तुम्ही विचारलंय की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या जुन्या क्वार्टरबॅकपैकी (क्वार्टरबॅक म्हणजे टीमसाठी पास टाकणारा खेळाडू) असा कोण की ज्याचं नाव आज कोणी काढत नाही पण काढायला पाहिजे. माझं उत्तर ठरलेलं आहे, सिनसिनाटी बेंगल्सचा केन अँडरसन. 1971 ते 1986, सोळा सीझन, सगळे एकाच टीमकडून.

इलिनॉयमधल्या ऑगस्टाना नावाच्या छोट्याशा कॉलेजातला हा पोरगा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या राउंडला घेतला. तेव्हा बेंगल्सचं पासिंग बघायला बिल वॉल्श होता, असिस्टंट कोच म्हणून. हाच वॉल्श पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा हेड कोच झाला आणि तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकला. आता वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हटलं की सगळे फोर्टीनायनर्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याचं नाव घेतात, पण ती पद्धत, म्हणजे मोजून पावलं मागे जायचं आणि रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, वळायच्या आत बॉल हातातून सोडायचा, छोटे छोटे पास टाकत पुढे सरकायचं, ती वॉल्शने सिनसिनाटीतच बसवली, आधी क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टरबरोबर आणि मग अँडरसनबरोबर, आणि अँडरसनच्या हातात ती खरी मुरली. 1974 मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्याने 22 पैकी 20 पास पूर्ण केले, आणि त्या सीझनचा सुपर बोल पिट्सबर्गनेच जिंकला, तोही मुख्यतः डिफेन्सच्या जोरावर, म्हणजे समोर कोण होतं ते बघा.

मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पासिंगच्या आकड्यांवरून काढलेल्या गुणांमध्ये, तो लीगमध्ये पहिला आला चार वेळा, 1974, 1975, 1981 आणि 1982. मधे 1978 ला नियम बदलले, पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्के मारणं बंद झालं, पासिंग सोपं झालं. नियम बदलायच्या आधीही हा पहिला आणि नंतरही हाच पहिला, असं किती जणांना जमलंय?

आणि 1981 ची सुरुवात कशी झाली माहितीये का, सिएटलविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये टीम 21-0 ने मागे पडली आणि कोच फॉरेस्ट ग्रेगने त्याला बाहेर बसवला, राखीव क्वार्टरबॅक टर्क शोनर्टने येऊन मॅच जिंकून दिली, त्यावेळी लोकांना वाटलं असेल की संपलं याचं. त्याच सीझनचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, अँडरसन! सॅन डिएगोविरुद्धची सेमीफायनल उणे 23 सेल्सिअसमध्ये झाली, वारा वेगळाच, आणि त्या थंडीत दोन टचडाउन पास, म्हणजे थेट स्कोअर मिळवून देणारे पास, टाकून त्याने 27-7 ने जिंकून दिली. समोर क्वार्टरबॅक डॅन फाउट्स होता, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मान यादीत आहे.

मग सुपर बोल, समोर नेमका वॉल्श आणि मोंटाना. हाफटाइमला 20-0 ने मागे. तिथून अँडरसनने टीम ओढत आणली, शेवटी 34 पैकी 25 पास, 300 यार्ड, दोन टचडाउन पास आणि एक टचडाउन स्वतः पळून, दोन इंटरसेप्शन झाले, म्हणजे त्याचे पास समोरच्या टीमने झेलले, हेही खरं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टचडाउनला एकच यार्ड उरलेला असताना बेंगल्स अडले ते अडलेच. 26-21 ने हरले. मोंटानाचे 157 यार्ड, पण एमव्हीपी तो. माझ्या मते या एका मॅचमुळे अँडरसन मागे पडला, जी पद्धत त्याने आधी चालवून दाखवली तिचं श्रेय त्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर गेलं. पुढच्या वर्षी, खेळाडूंच्या संपामुळे नऊच मॅचचा सीझन होता, त्यात त्याचे 70 टक्क्यांहून जास्त पास पूर्ण झाले, हा विक्रम 2009 पर्यंत टिकला, तेव्हा ड्रू ब्रीझने मोडला.

अजून मागे जायचं असेल तर ग्रीन बेचा सेसिल इझबेल वाचा. खांदा निखळायचा म्हणून डाव्या हाताला साखळी बांधून खेळायचा, 1942 मध्ये 24 टचडाउन पास टाकले आणि त्यानंतर वयाच्या सत्ताविशीतच खेळ सोडून कोचिंगला गेला. अँडरसनसारखाच तोही हॉल ऑफ फेममध्ये नाही.

पण माझा जीव अडकतो तो अँडरसनवरच. त्याच बेंगल्सचा केन रायली 2020 मध्ये वारला आणि त्याला हॉलमध्ये घेतला 2023 मध्ये. अँडरसन 1949 चा आहे. हॉल ऑफ फेम जिथे आहे ते कँटन सिनसिनाटीपासून काही लांब नाही, ओहायोतच आहे, आणि त्याने स्वतः तिथल्या स्टेजवर उभं राहून बोलावं असं मला फार मनापासून वाटतं.