इरी कालवा दाखवायचाय? आधी 'कुठला' ते ठरवा

तुम्ही लिहिलंय की बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला १८२५चा इरी कालवा दाखवायचाय आणि मॅपवर जी निळी रेघ दिसते त्यावरचं एखादं लॉक (बोटी वरखाली करणारी दारांची टाकी) गाठणार आहात. प्लीज थांबा. मी अगदी हेच केलं होतं, आणि माझे बाबा पण इरिगेशनचेच.

ती रेघ म्हणजे १९१८चा बार्ज कालवा, म्हणजे मोठ्या मालबोटींसाठी नव्याने केलेला, अल्बनीच्या बाजूला तर बराचसा मोहॉक नदीतूनच नेलेला, लॉकं सगळी काँक्रीटची. एका माहिती केंद्रात मी मुद्दाम विचारलं की मूळ कालवा कुठे, तर काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता पत्रक सरकवलं, म्हणे सगळा एकच कालवा आहे. त्या भरवशावर दोन दिवस काँक्रीट बघत फिरलो. बाबा दगडी बांधकाम बघायला आले होते हो, १८१८ला चिटनँगोजवळ पाण्यात घट्ट होणाऱ्या सिमेंटचा दगड सापडला हे सुद्धा वाचून आलेले. तिसऱ्या दिवशी फ्लाइट होती, नंतर त्यांचं परत येणं झालंच नाही. निदान 'माहीत नाही' म्हणाल्या असत्या तरी दुसरीकडे विचारलं असतं.

कालवे तीन आहेत. पहिला ४० फूट रुंद, ४ फूट खोल, काठावरून खेचरं बोटी ओढायची. टनामागे १०० डॉलरचं भाडं १०च्या आसपास आलं आणि गर्दी एवढी झाली की १८३६ पासून तो ७० फूट रुंद करायला घेतला, तो दुसरा. तिसरा म्हणजे वरचा बार्ज कालवा. पहिल्या दोन्हींचे अवशेष फोर्ट हंटरच्या स्कोहेरी क्रॉसिंगला आहेत, दगडी जलसेतूच्या (नदीवरून कालवा नेणाऱ्या पुलाच्या) कमानी पण. तिथेच जा.

आणि रेल्वे आली नि कालवा मेला असं बाबांना सांगू नका. १८४२ला कालव्याच्या पश्चिम टोकाला, बफेलोपर्यंत, रूळ पोचले तरी इरीवरचा माल पुढे कित्येक वर्षं वाढतच होता. बुडाले ते इरीची नक्कल करणारे. पेनसिल्व्हेनियाने डोंगर ओलांडायला बोटी रुळांवरून चढवल्या आणि १८५७ला सगळं रेल्वे कंपनीला विकून टाकलं, इंडियाना राज्य तर कालव्यांच्या कर्जात दिवाळखोर झालं. मी इतिहासकार नाही, पण माझं मत पक्कं आहे, इरीला मोहॉकचं सखल खोरं मिळालं म्हणून तो चालला, बाकीच्यांनी आधी नकाशातले डोंगर बघायला हवे होते.

वेळ उरला तर सायराक्यूजचा इरी बुलेव्हार्ड, तो रस्ता म्हणजे बुजवलेला कालवाच. उन्हाळ्यात डासांचा स्प्रे ठेवा आणि एक फोल्डिंगची खुर्ची पण न्या, त्या कमानींसमोरून बाबा लवकर उठणार नाहीत.