चाळीस स्विचच्या जाळ्याला एसडीएन हवे का?

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सुमारे ४० स्विच (संगणकांना जाळ्यात जोडणारी उपकरणे) असून देखभालीला आम्ही दोघेच आहोत. एसएनएमपी (उपकरणांची माहिती मिळवण्याचा प्रोटोकॉल) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरने देखरेख करतो. बदल मात्र प्रत्येक स्विचवर लॉगिन करून हातानेच करावे लागतात. एसडीएन (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) घेतल्यास जुनी साधने लागणारच नाहीत, असे एक पुरवठादार म्हणतो. निर्णय कसा घ्यावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुरवठादाराचा दावा मान्य करू नये, कारण ही दोन साधने एकाच कामाची नाहीत. १९८८ पासून प्रचलित असलेला एसएनएमपी प्रामुख्याने उपकरणाची खबर घेतो : पोर्ट चालू आहे का, ट्रॅफिक किती, प्रोसेसरवर भार किती. पॅकेट (डेटाचा तुकडा) कोणत्या वाटेने जावे, हे पारंपरिक जाळ्यात प्रत्येक स्विच वा राउटर स्वतःच ठरवतो. एसडीएनमध्ये हा निर्णय त्यांच्याकडून काढून मध्यवर्ती कंट्रोलरकडे दिला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या ओपनफ्लोमुळे, म्हणजे कंट्रोलरने स्विचला नियम देण्याच्या प्रोटोकॉलमुळे, ही कल्पना सर्वदूर पोहोचली. पण कंट्रोलर आला तरी स्विचचा पंखा बंद पडायचा तो पडतोच, आणि त्याची सूचना मिळण्यासाठी देखरेख लागतेच.

एसडीएनच्या यशाचे उदाहरण पाहा : गूगलने आपली डेटा सेंटर जोडणाऱ्या, एसडीएनवर चालणाऱ्या बी-फोर जाळ्याची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातील अनेक लिंक जवळपास पूर्ण क्षमतेने वापरता आल्या, याचे एक मोठे कारण असे की, दोन्ही टोकांची ॲप्लिकेशन त्यांचीच असल्यामुळे कोणते ट्रॅफिक थांबवायचे हे त्यांना ठरवता येत होते. तुमच्याकडे ती मुभा नाही.

तुमचे खरे दुखणे हाताने होणाऱ्या बदलांत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकला (अनेक व्हीलॅनचे ट्रॅफिक नेणाऱ्या लिंकला) नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवरचे वेगळे आभासी जाळे) जोडताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ या आदेशात ‘ॲड’ हा शब्द राहून गेला, तर यादीतील आधीची सगळी व्हीलॅन निघून जातात आणि त्या ट्रंकपलीकडची अख्खी इमारत बंद पडू शकते. ४० ठिकाणी हाताने टंकताना असे केव्हा तरी घडणारच. यावर ॲन्सिबल या अनेक उपकरणांवर एकदम बदल करणाऱ्या साधनाने बदल करणे आणि ऑक्सिडाइज्डसारख्या साधनाने प्रत्येक स्विचच्या कॉन्फिगरेशनची नियमित प्रत ठेवणे, हा उपाय पुरेसा आहे. दोन्ही साधने मुक्त स्रोताची आहेत. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती तेवढी अवश्य वापरा, कारण आधीच्या आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) उघडीच जाते.

प्रयोगशाळांची जाळी दर आठवड्याला वेगळी करावी लागत असतील किंवा व्हर्च्युअल सर्व्हर सतत हलत असतील, तर मात्र एसडीएनचा विचार जरूर करावा. त्या वेळी पुरवठादाराला तुमच्यासमोर कंट्रोलर बंद करून दाखवायला सांगा. ओपनफ्लोचे स्विच अशा प्रसंगी एक तर आधीच्या नियमांवर चालत राहतात, पण कंट्रोलरकडे जाणारी नवी पॅकेट टाकून देतात. किंवा साध्या स्विचसारखे वागू लागतात. तुमचे स्विच यांपैकी काय करतील, आणि कंट्रोलरचा परवाना संपल्यावर काय होईल, हे लेखी घेतल्याशिवाय खरेदीचा आदेश देऊ नका.