घरात एकच कंप्युटर आहे, उघडलेल्या फाईलींची यादी कायमची बंद कशी करू?

तुमचं म्हणणं असं की कंप्युटर घरात एकच, भाऊ-वहिनी सगळेच वापरतात, आणि तुम्ही दवाखान्याचा रिपोर्ट उघडला की त्याचं नाव 'रिसेंट'मध्ये सगळ्यांना दिसतं. यादी बंद करता येते, कशी ते सांगते. पण त्याआधी स्वतःचं वेगळं युजर अकाउंट काढा, असं मी आग्रहानं सांगेन.

सेलूला माहेरी मी एकदा ही यादी बंद करून टाकली होती. दुसऱ्या दिवशी अण्णा शेतातून आले, सोयाबीनच्या विम्याची पावती काढायला बसले आणि घाबरून मला फोन केला, "बाई, माझी पावती उडाली गं." पावती डाउनलोड्समध्येच होती. पण अण्णांना डाउनलोड्स माहीत नाही. सातबारा, आठ-अ, पावत्या, सगळं ते त्या यादीतूनच उघडतात. यादी म्हणजे फक्त वाटा, मूळ फाईल जागेवरच असते, हे फोनवर पटवून देता देता अर्धा तास गेला. तेव्हापासून सगळ्या घराची यादी बंद करायची नाही, असं मी ठरवलं.

वेगळ्या अकाउंटमध्ये प्रत्येकाची यादी ज्याची त्याला दिसते. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथून नवीन अकाउंट निघतं. त्याला पासवर्ड ठेवा. बाकीच्यांची अकाउंट 'स्टँडर्ड' ठेवा, कारण ज्याचं अकाउंट अॅडमिनिस्ट्रेटर असतं त्याला एक 'कंटिन्यू' दाबून तुमच्या फोल्डरमध्ये शिरता येतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: डी ड्राइव्हवर ठेवलेली फाईल साधारणपणे सगळ्याच अकाउंटना दिसते. रिपोर्ट तुमच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्येच ठेवा.

हे जमणार नसेल तर फाईल एक्स्प्लोररमध्ये वर तीन टिंबांवर जाऊन ऑप्शन्स उघडा (विंडोज 10 मध्ये व्ह्यू टॅबखाली आहे). खाली प्रायव्हसीत 'रिसेंटली युज्ड फाईल्स'ची खूण काढा आणि 'क्लिअर' दाबा. टास्कबारवरच्या चिन्हावर राइट क्लिक केल्यावर जी यादी येते, ती सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट इथून बंद होते. एकच नाव नको असेल तर त्यावर राइट क्लिक करून तेवढंच यादीतून काढा. अण्णांसारख्यांच्या घरी हेच बरं.

एवढ्यानं काम संपत नाही. वर्ड आपली यादी वेगळी ठेवतं: फाईल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, तिथं डिस्प्लेखाली 'रिसेंट डॉक्युमेंट्स'चा आकडा 0 करा. व्हिडिओ बघायचा व्हीएलसी आणि पीडीएफ वाचायचे प्रोग्रामही आपापली यादी वेगळी ठेवतात. ब्राउझरची डाउनलोड यादी पुसली तरी फाईल डाउनलोड्समध्ये पडून असते, आणि सर्चमध्ये 'रिपोर्ट' टाइप केलं की वर येते. म्हणून फाईलचं नावच साधं ठेवा, त्यात आजाराचं नाव नको.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली 4 इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष, एवढाच तो असतो. घरातल्या कोणाला ते माहीत नाही? वर्डच्या फाईलला मात्र 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'नं खरं कुलूप लागतं. तो पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विसरलात तर परत मिळत नाही.

दवाखान्याची गोष्ट घरी कधी सांगायची, सांगायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. त्यात लपवाछपवी केल्यासारखं अजिबात वाटून घेऊ नका. आज अकाउंट काढा, आणि चहाला उठतानाही विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करत जा.