गाडी ओढत नाही, स्लोला थरथरते: पंप उतरवण्याआधी काय बघायचं

प्रश्न: माझ्याकडे जुना टाटा १६१२ आहे. सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, मायकोचा डिझेल इंजेक्शन पंप. भरल्या गाडीला खंबाटकी चढताना पूर्वी जिथे तिसरा गिअर पुरायचा, तिथे आता दुसरा टाकावा लागतो. स्लोला, म्हणजे पेडल सोडलेलं असताना, इंजिन मिसिंग मारतं (मध्येच ठोका चुकतो), केबिन हलते, रेस दिली की कमी होतं. चढावर काळा धूर नाही, सकाळी मात्र थोडा वेळ पांढरा येतो. मेस्त्री म्हणतात पंप उतरवून कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप तपासून जुळवायला) द्या. देऊ का? (ट्रकमालक, कराड)

उत्तर: एवढ्यात नको. तुम्ही धुराचं लिहिलंत ते फार उपयोगी आहे. ताकद कमी आणि लोडवर काळा धूरही नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा इंजिनाला डिझेलच कमी पोचतंय. हवा कमी पडली असती किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) थेंब गाळत असतं, तर चढावर मागे काळा लोट उठला असता. स्लोचं मिसिंग आणि सकाळचा पांढरा धूर हे एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याचं लक्षण. कारणं दोन असू शकतात, म्हणून शोधही वेगवेगळा घ्या.

सुरुवात पेडलपासून. इंजिन बंद ठेवून एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने पंपाच्या लिव्हरकडे बघावं. लिव्हर स्टॉपच्या स्क्रूला टेकतो का? रॉडचे बॉल झिजले किंवा पेडलखाली मॅट जाड असली तरी लिव्हर अर्ध्यावर राहतो. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर त्याचं पान पूर्ण उघडतं का तेही बघा. थोडं अंतर चालवून चारही बाजूंच्या ब्रेक ड्रमांजवळ हात न्या. एखादा जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय, इंजिनाचा दोष नाही.

आता डिझेल. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि गाडी तासाभराने मंदावते. अशा वेळी झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. टाकीची जाळी, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी आणि दोन्ही फिल्टर बघा. पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाचा प्लग काढून पाणी-गाळ काढायलाच हवा.

सर्वांत फसवी जागा टाकी ते फीड पंप ही सक्शनची लाइन. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल टपकतं, दिसतं. सक्शनला मात्र चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि गाडी एअर घेत असते. फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा आणि इंजिन चालवा. बुडबुडे अखंड येत राहिले तर बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, रबरी पाइपच्या क्लिपा आणि हँड प्रायमरचं (हाताने डिझेल चढवायच्या दट्ट्याचं) सील तपासा. खात्रीसाठी दहा लिटरच्या स्वच्छ कॅनमधून फीड पंपाला थेट डिझेल द्या. कॅन पक्का बांधा आणि गाडी चढावर न्या. ओढली तर दोष टाकीकडच्या लाइनीत आहे.

पुन्हा जोडल्यावर एअर काढताना आधी फिल्टरचा आणि मग पंपाचा स्क्रू सैल करा. प्रायमर मारत राहा आणि बुडबुड्यांविना धार येत असतानाच स्क्रू आवळा.

आता मिसिंग. गरम इंजिन स्लोला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट एक-दीड फेरा सैल करा. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तो मेलेला. चष्मा घाला आणि उडणाऱ्या डिझेलपासून हात लांब ठेवा. नोझलची धार सुमारे २०० बारची असते, कातडीत घुसते आणि ती जखम थेट दवाखान्याची.

मेलेल्या सिलिंडरचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझलची पिन आणि प्रेशर टेस्टिंगवर बघा. जागेवरच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन किंवा पंपाचा एलिमेंट (त्या सिलिंडरचं डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह. नोझल बसवताना खालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा घाला. जुना हेडमध्ये चिकटून राहिला आहे का, टॉर्चने बघा. त्यावर दुसरा बसला की नोझल वर राहतं, धार पिस्टनच्या खड्ड्यात योग्य जागी पडत नाही आणि नवं नोझलही बदनाम होतं.

टॅपेट थंड इंजिनावर इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. फायरिंग १-५-३-६-२-४. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलू लागले की पहिला सेट करा. पुढच्या जोड्या ५-२ आणि ३-४, मग त्याच उलट. फट मोजायचं गेज घट्ट धरणाऱ्या एक्झॉस्टवर संशय घ्या. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर कॉम्प्रेशन जातं आणि सकाळी पांढरा धूर निघतो. ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचे जोरदार फवारे आले तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील.

इतकं करूनही दोष राहिला तर पंप जरूर द्या. टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मात्र पंप बसवतानाच गाडीच्या पुस्तिकेतल्या अंशांवर मिळवून घ्या.

प्रश्न: कॅलिब्रेशनवाले म्हणाले, सील तोडून डिझेल थोडं वाढवून देतो, ताकद येईल. घेऊ का? (नगर)

उत्तर: घेऊ नका. इंजिनाला जितकी हवा मिळते तितकंच डिझेल जळतं, बाकीचं काळा धूर होऊन जातं. एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्ह भाजतात. ताकद कमी वाटत असेल तर आधी ऑइल बाथ एअर क्लीनरचं (ऑइलच्या मदतीने हवा गाळणाऱ्या फिल्टरचं) भांडं उतरवून बघा. ऑइल चिखलासारखं झालं असेल तर बदला आणि वरची जाळी डिझेलमध्ये धुऊन निथळू द्या.

प्रश्न: स्लो वर-खाली होतो, मिसिंग नाही. (निपाणी)

उत्तर: जुन्या पंपावर हवेचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) असेल तर त्याचा डायफ्राम (पातळ पडदा) फाटला आहे का आणि मॅनिफोल्डकडून येणारी व्हॅक्यूमची नळी चिरली आहे का, ते बघा. दोन्ही स्वस्त आणि जागेवर बदलता येतात.